कातरीतली काडी

मे महिन्यात आमच्या लॅबमधली सगळ्यात थंड जागा
म्हणजे इनक्युबेटर.
एसी मार्चपासून बंद आहे.
बाहेर केगावच्या माळावर त्रेचाळीस,
आत सदतीस, बरोबर सदतीस,
माणसाच्या पोटात असतं तेवढं.

तिथं मी पेशी सांभाळते.
कुणाच्या तरी जिभेवरच्या. कुणाच्या ते डबीवर नसतं,
नुसता नंबर.
बशीच्या तळाला त्या खेटून खेटून पसरल्या
की पिपेटच्या टोकानं मी मधोमध एक ओरखडा काढते
आणि चोवीस तास थांबते,
किती जणी ओलांडून येतात ते बघायला.

जखम भरावी म्हणून लोक देव पाण्यात घालतात.
मी एकटी जागत बसते,
ही भरू नये म्हणून.

भूमव्वा पिन्नीनं विचारलं,
"एमे, चालतात कशा गं त्या? पाय असतात?"
विडी घरकुलातलं तिचं ओट्यावरचं घर,
मांडीवर सूप, सुपात पानं, पत्र्याचा साचा,
मानेवर टाक्यांची रेघ, तिथली गाठ काढून तीन महिने झालेले.
बोलते अर्ध्या तोंडानं, विड्या वळते दोन्ही हातांनी.

म्हटलं, पाय नसतात. कातर असते.
पेशीभोवती दाट वीण असते, चादरीसारखी;
ही बाहेर कातर सोडते, धागे कापत वाट करते
आणि लांब कुठंतरी जाऊन बिऱ्हाड थाटते.
कातरीच्या खिळ्याजागी जस्ताचा एक कण असतो.
आम्ही तिथंच काहीतरी अडकवायला बघतो.

ती हसली. दुखलं, तरी हसली.
एक पान उचललं, जाड देठासकट कातरीत धरलं,
दाबलं.
कर्र.
पाती मिटेनात.
"हे?"

हेच, पिन्नी.
मी ते वीस स्लाइडमध्ये सांगते
आणि सर शेवटी म्हणतात, मुद्दा काय?

पण तिचं संपलं नव्हतं.
देठ उपसून तिनं कातर माझ्यासमोर उघडझाप केली:
"आणि अशी अडकवून ठेवलीस,
तर हजार विड्यांची पानं मी कशानं कापू? दातानं?"

शेजारच्या मागांची खटखट तेवढी ऐकू येत राहिली.
कारण जुन्या औषधांचं नेमकं तेच झालं होतं.
शरीरही याच कातरी वापरतं,
टाका भरताना, बाळ रुजताना.
सगळ्या एकदम अडवल्या तर सांधे धरले,
खांदे वर होईनात, लोकांनी गोळ्या सोडल्या,
आणि गाठी होत्या तिथं होत्याच.
हे मी तिला सांगितलं. लपवून काय करायचं?

"मग निवडून अडव," पिन्नी म्हणाली.
"ब्रँचवाला छाट काढतो बघ. शंभर फेकतो,
पाटी नाही फेकत."
थोडं थांबून, "फेकतो कसला, मेला घरी नेऊन ओढतो."

माझा आता सत्तेचाळीस नंबर चालू आहे.
आधीचे सेहेचाळीस छाट.
सोमवारी जेल निळ्या रंगातून धुऊन काढला.
एन्झाइमनं जिथं खाल्लं तिथं पांढरी पट्टी उमटते,
कसर लागलेल्या कापडासारखी.
तीन रांगा पांढऱ्याफेक.
चौथीत पट्टी पुसट,
उजेडाला धरल्याशिवाय न दिसणारी,
आमच्या बाबांनी रफू करावं तशी.

पिन्नीनं "मला कधी?" असं विचारलं नाही.
उत्तर मी बसमध्ये जुळवून ठेवलं होतं.
आधी बशी, मग उंदीर, मग माणसं, मग वर्षं.
तिनं फक्त पाण्याचा तांब्या पुढं केला
आणि पुढचं पान साच्याखाली घेतलं.

रात्री लाइट गेली. इन्व्हर्टर चिमणीसारखा चिवचिवत होता.
चोवीस तास भरले तेव्हा सव्वातीन.
मोबाईलच्या उजेडात बशी काढली,
लाइट आल्यावर मायक्रोस्कोपखाली ठेवली.
ओरखडा उघडा होता. दोन्ही काठ जिथल्या तिथं.

मधोमध
एक आली होती.

फोटो काढला. वहीत वेळ घातली,
मात्रा घातली, आणि समोरच्या रकान्यात लिहिलं:
एक.